खडकाखालचे शहर आणि निळीचे रांजण

माझ्या कपाटात 'अदिरे', म्हणजे निळीत रंगवून नक्षी काढलेल्या कापडाचा एक जुना तुकडा आहे. नायजेरियातून आलेल्या एका सहकारी बाईंनी तो भेट देताना एवढेच बजावले होते की, तो नेहमी वेगळा धुवावा. मी ते ऐकले नाही आणि दोन पांढरे सदरे घालवून बसलो. हा तुकडा ज्या आबेओकुटा शहरातला, त्याबद्दलचे वाचन तेव्हापासून सुरू झाले.

नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा भाषेत 'आबे' म्हणजे खाली आणि 'ओकुटा' म्हणजे दगड. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी योरुबांचे ओयो साम्राज्य खिळखिळे झाले आणि त्यानंतरच्या लढायांत एग्बा या योरुबा गटाच्या लोकांची शंभरावर गावे बेचिराख झाली. वाचलेल्यांनी काही काळ इबादानचा आसरा घेतला. पण तेथेही निभाव लागेना, तेव्हा 1830 च्या सुमारास शोडेके या सेनानीच्या मागोमाग ते ओगुन नदीच्या पूर्वेस, ओलुमो नावाच्या प्रचंड खडकापाशी येऊन थांबले. खडकाच्या कपारींत बायकामुले राहिली. दळण्यासाठी दगडात केलेले खळगे तेथे आजही दाखवतात, आणि मला तरी सेनानीच्या पराक्रमापेक्षा ते खळगेच अधिक बोलके वाटतात.

निर्वासितांनी नव्या जागी एकच गाव वसवले नाही. प्रत्येक गाव आपले नाव आणि आपले प्रमुख घेऊन वस्तीला आले. 1834 च्या सुमारास ओवु या दुसऱ्या योरुबा गटाचे लोकही येऊन मिळाले. त्यामुळे आबेओकुटा ही बराच काळ गावांची मोटच राहिली. शोडेकेने राजपद घेतले नाही. पहिला आलाके, म्हणजे राजा, 1854 मध्ये झाला. शेजारच्या दाहोमी राज्याच्या सैन्याने 1851 आणि 1864 मध्ये चाल केली, दोन्ही वेळा ते परतवले गेले.

पोट भरले ते शेतीने. रताळ्याहून कितीतरी मोठा याम नावाचा कंद, मका, कापूस आणि तेलताड ही पिके. ताडाचे तेल ओगुन नदीमार्गे लागोस बंदराकडे जाई. पण शहराचे नाव झाले ते रंगारणींमुळे.

'एलु' नावाच्या वेलीची कोवळी पाने उखळात कुटायची, त्यांचे गोळे वळून उन्हात वाळवायचे. लाकडाची राख तळाला भोक असलेल्या मडक्यात भरून वरून पाणी ओतायचे. थेंबथेंब झिरपलेल्या त्या क्षारपाण्यात गोळे काही दिवस आंबत ठेवायचे. रांजण कधी तयार झाला हे वासावरून ओळखणे, हीच खरी विद्या. बुडवून काढलेले कापड आधी हिरवट-पिवळे दिसते आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळे होऊ लागते. गडद रंगासाठी ते पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. रांजण बिघडला तर रंगारीण 'इया मापो' नावाच्या देवीला शरण जाते.

नक्षीचे मुख्य प्रकार दोन. 'ओनिको' म्हणजे राफिया नावाच्या ताडाच्या धाग्याने बांधून किंवा शिवून काढलेली, आणि 'एलेको' म्हणजे खळीची. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, त्या कसावाच्या पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर रेखतात. तेवढ्या जागी रंग धरत नाही. पिसाची ही बारीक रेघ जाड हातमागावर उमटणे कठीण, त्यामुळे मँचेस्टरचे गुळगुळीत पांढरे कापड आले तसा हा प्रकार फोफावला. परदेशी मालाने देशी कला बुडते असे आपण सरसकट म्हणतो. येथे निदान काही दशके उलटे घडले.

पुढे कृत्रिम नीळ आणि कॉस्टिक सोडा आला. काम झटपट होऊ लागले, पण कापड लवकर विरते, रंग उतरतो, अशा तक्रारी वाढल्या आणि 1936 मध्ये आलाके अडेमोला दुसरे यांनी दोन्हींवर बंदी घातली. रंगारणींनी ती मुकाट्याने मानली नाही, कारण सोड्याने वाचणारा वेळ त्यांचा होता आणि कापड विकले न गेल्यास बुडणारे पैसेही त्यांचेच होते. याच शहरातील बायकांनी फुन्मिलायो रॅन्समकुटी यांच्या नेतृत्वाखाली पुढे स्त्रियांवरील करांविरुद्ध जे आंदोलन उभारले, त्यापायी अडेमोलांना 1949 मध्ये गादी सोडावी लागली. ते 1950 मध्ये परतले, ही गोष्ट निराळी.

माझ्या तुकड्यातली नीळ पानांची की कारखान्यातली, हे मला नुसते पाहून सांगता येत नाही. पिसाच्या रेघा मात्र स्पष्ट आहेत, आणि एका कोपऱ्यात खळ थोडी ओघळलेली आहे.