एक लॉट, पाच ओळी

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्र्याच्या अडत्याची साइट आम्ही सांभाळतो. सकाळचे सौदे आटोपले की त्यांचा मुनीम हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक एक्सएमएल फाइल (प्रत्येक माहितीला नावाची खूण लावलेली मजकुराची फाइल) काढतो, ती सर्व्हरवर चढते आणि पानावर त्या दिवसाची आवक दिसते: वाण, क्रेट, वजन, किमान भाव, कमाल भाव. एका लॉटला एक ओळ. दिसायला फालतू पान, पण काटोल-नरखेडकडचे बागायतदार तेच बघून गाडी आज भरायची की उद्या ते ठरवतात.

एप्रिल संपत आला होता, मृग बहाराची संत्री जवळजवळ उरकली होती. अडत्या सेठचा फोन आला. "भाऊ, तुमची साइट काय दाखवून राहिली? लोकं मले विचारून राहिले, पाच लॉट आले न् भाव काऊन लपवले?"

पान उघडलं. वर "आजची आवक: ५ लॉट". खाली पाच ओळी, एकाआड एक करड्या रंगाच्या, रेघा जिथल्या तिथे आणि पाचही कोऱ्या. "पाच कुठचे," सेठ म्हणाले, "एकच लॉट आला आज."

आमच्या ऑफिसात काहीही बिघडलं की आधी कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी पानं, साफ करतात आणि मग विचार करतात. त्याप्रमाणे कॅश साफ झाली. पाच कोऱ्या ओळी तशाच. सर्व्हरच्या लॉगमध्ये एक अवाक्षर नाही.

मी त्या दिवसाची फाइल उतरवून माझ्या मशीनवर चालवली. तिथे पान उघडलंच नाही, लाल एरर आला. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, डेटा भरून पान बनवणाऱ्या ट्विगची ही गोष्ट मला मनापासून आवडते: अडलं कुठे ते तो नेमकं सांगतो. म्हणत होता, 'वाण' मागताय खरं, पण हातात आहे ती नुसती स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, आणि तिची किंमत "मृग". ती किंमत वाचली आणि पुढचं सगळं उलगडलं.

आमच्या आधी ज्याने साइट बांधली त्याने फाइल वाचायला एका ओळीची ती सुप्रसिद्ध युक्ती वापरली होती. साइटची भाषा पीएचपी; तिच्यातल्या सिम्पलएक्सएमएलने वाचायचं, त्याचं जेसन (डेटा लिहायची दुसरी पद्धत) करायचं, आणि ते जेसन लगेच उलटं वाचून पीएचपीचा अ‍ॅरे, म्हणजे किमतींचा संच, करायचा. लॉट दहा असले तर 'लॉट' या नावाखाली शून्यापासून क्रमांक लावलेली यादी येते. एकच असला तर यादी बनतच नाही. तो एकुलता लॉट थेट त्या नावाखाली जाऊन बसतो, आणि आत क्रमांकांऐवजी वाण, क्रेट, वजन अशी नावं असतात. पीएचपीत दोन्ही अ‍ॅरेच. टेम्प्लेटमधला फॉर, म्हणजे एकेक घटक हातात घेणारा फेरा, दोन्हींवर सारख्याच मायेने फिरतो. त्या दिवशी तो पाच लॉटांवर नाही, एका लॉटच्या पाच रकान्यांवरून फिरला. पहिल्या फेरीत हातात "मृग", दुसरीत क्रेटचा आकडा, तिसरीत वजन. प्रत्येक फेरीत टेम्प्लेट "लॉट डॉट वाण" मागत होतं आणि आकड्याला कसला आलाय वाण? वरच्या मथळ्यात लेंग्थ फिल्टर होता, त्याने इमानदारीत पाच मोजले.

ट्विगमधला तो डॉट भलताच समजूतदार आहे. समोर अ‍ॅरे असेल तर त्यात त्या नावाचा कप्पा (की) शोधतो. ऑब्जेक्ट असेल तर प्रॉपर्टी, नाही तर त्या नावाची मेथड, नाही तर नावाच्या आधी गेट, इझ किंवा हॅझ लावून बघतो. काहीच नाही सापडलं तर काय करायचं हे स्ट्रिक्ट व्हेरिएबल्स या सेटिंगवर. चालू असेल तर एरर, बंद असेल तर नल, म्हणजे पानावर कोरं. सिम्फनी या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये हे सेटिंग सहसा डीबगला, म्हणजे चुका शोधायच्या मोडला, बांधलेलं असतं: डेव्हलपरच्या मशीनवर चालू, खऱ्या सर्व्हरवर बंद. म्हणजे बोंब जिथे ऐकायला हवी तिथेच तोंड बांधलेलं.

इतके दिवस हे कुणाला दिसलं नाही, कारण बाजार बंद असला आणि एकही लॉट नसला तर सगळं बरोबर चालायचं. फॉरला फिरायला काही नसायचं, एल्सची शाखा "आज आवक नाही" लिहायची. दोन आले तरी ठीक, दोनशे आले तरी ठीक. फक्त एकाला घोळ.

ज्युनिअर पोराने दुपारपर्यंत दुरुस्ती आणली, टेम्प्लेटमध्येच. शून्याव्या क्रमांकाला काही आहे का बघायचं, असेल तर फॉर, नसेल तर तीच ओळ पुन्हा लिहायची. चाललं असतं. पण तेच पान प्रिंटसाठी वेगळं आहे, मेसेजचं टेम्प्लेट आणखी वेगळं, आणि तिन्हीकडे ही अट चिकटवत बसायची? डेटाचा आकार ठरवणं हे टेम्प्लेटचं कामच नाही. पीएचपी ८.१ मध्ये, २०२१ साली, अ‍ॅरे ही यादी आहे का हे सांगणारं फंक्शन आलं, तेही इथे उपयोगाचं नव्हतं. हा सर्व्हर ७.४ वर आणि होस्टिंग बदलायचं नाव काढलं की सेठना कमी ऐकू येतं.

मी जेसनची युक्तीच काढून टाकली. गंमत अशी की सिम्पलएक्सएमएलवर थेट फॉरईच (पीएचपीतला तसाच फेरा) चालवलं तर एक लॉट, अनेक लॉट, शून्य लॉट, सगळं एकसारखंच चालतं. हा घोळ त्या हुशारीच्या ओळीनेच घातला होता. फक्त प्रत्येक किंमत आठवणीने स्ट्रिंग करून घ्यावी लागते, नाही तर सिम्पलएक्सएमएलचे ऑब्जेक्ट पुढे टेम्प्लेटपर्यंत वाहत जातात. आता टेम्प्लेटला कायम यादीच मिळते.

संध्याकाळी वाद झाला तो स्ट्रिक्टवरून. मी म्हटलं, खऱ्या सर्व्हरवरही चालू करू. माझा भागीदार म्हणाला, वेडा आहेस का, एक रकाना चुकला तर अख्खं पान पडेल, गिऱ्हाईक काय म्हणेल? वर्षानुवर्षं आम्ही असंच धरून चाललोय की पान पडण्यापेक्षा कोरं बरं. मी सेठनाच फोन लावला.

"पान बंद असतं तं लोकं म्हणले असते नेट गेलं," सेठ म्हणाले. "कोरं दिसलं म्हणून मी चोर ठरलो ना भाऊ."

भागीदाराला हे अजून पटलेलं नाही, आणि त्याचंही अगदीच चूक नाही. मेसेजचं टेम्प्लेट एखाद्या न आलेल्या शेऱ्यावरून अडलं तर सकाळचे मेसेज जायचेच नाहीत. तूर्तास स्ट्रिक्ट बंदच आहे. रकाना रिकामा आला तर यादी बनवतानाच लॉगमध्ये नोंद होते, एवढी तडजोड मान्य झाली.

सेठना आता मोसंबीही टाकून हवी आहे. मुनीमजींनी नमुन्याची फाइल पाठवली. तिच्यात प्रतवारीनुसार गट आहेत आणि प्रत्येक गटात लॉट, म्हणजे एकच गट आणि त्यात एकच लॉट असा दिवसही कधीतरी येणार. ज्युनिअरला ती फाइल दिली आहे, आणि असा एक दिवस हाताने बनवून आधी चालवून दाखव म्हणून सांगितलं आहे.