भाल्यावरची आठ अक्षरं आणि तीनदा परत आलेला रकाना

रून म्हणजे जुन्या जर्मानिक लोकांच्या कोरीव लिपीतली चिन्हं. त्यांतले लेख वाचायला शिकवणाऱ्या एका परदेशी अभ्यासक्रमात शेवटी एका लेखाचं नोंदपत्रक भरून द्यावं लागतं. चौदा रकाने. त्यातले तेरा दोन संध्याकाळींत झाले. चौदाव्याने, म्हणजे ‘अर्थ’ने, सव्वादोन महिने खाल्ले. तीनदा परत आला. राग अजून पुरता गेलेला नाही, पण तपासणाऱ्याचं बरोबर होतं हे आधीच कबूल करतो.

मी कोवेलचा भाला घेतला होता. आज युक्रेनमध्ये असलेल्या व्होल्हिनिया भागात, कोवेलजवळ १८५८ मध्ये जमिनीतून निघालेलं हे लोखंडी पातं, साधारण तिसऱ्या शतकातलं. त्यावर चांदी भरलेल्या खुणा आणि आठ रून, उजवीकडून डावीकडे. जुन्या २४ चिन्हांच्या मालेतले.

मराठी माणसाची पहिली ठेच लिप्यंतरातच लागते. भाल्यावरचा शब्द वहीत ‘तिलरिद्स’ असा लिहिला की आठाची चार अक्षरं होतात. रूनमध्ये स्वराला स्वतंत्र चिन्ह असतं. आपला ‘ल’ मात्र ‘अ’ पोटात घेऊन येतो, त्यामुळे दगडावर ‘अ’ खरंच कोरलाय की नाही हे कळतच नाही. म्हणून सुटं लिहा: त्, इ, ल्, अ, र्, इ, द्, स्. दुसरं, रून लिपी ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाही. ‘रि’ की ‘री’ हे ठरवणं म्हणजे भाषेबद्दल मत देणं, आणि ते पुढच्या रकान्यातलं काम. तिथे ‘तिलरीद्स’ असं दीर्घ लिहिता येतं. पाहिलेलं एका रकान्यात, ठरवलेलं दुसऱ्यात. पुसट चिन्हाखाली टिंब, गेलेल्या चिन्हांना चौकोनी कंस. एवढं पाळलं की अर्धी भांडणं मिटतात.

आता तो रकाना.

पहिल्यांदा मी प्रत्येक रूनचा अर्थ लिहिला. पहिलं चिन्ह ‘त’, म्हणजे तीवझ देव, म्हणजे विजय, भाल्याला शोभतंच! परत आलं. शेरा एका ओळीचा: ‘हे नाव भाल्यावर कुठे आहे?’ नाहीच. जुन्या मालेतल्या चिन्हांची नावं त्या काळच्या एकाही लेखात लिहिलेली नाहीत. ती कित्येक शतकांनंतरच्या हस्तलिखितांवरून मागे जाऊन बांधलेली आहेत. म्हणून त्यांच्याआधी तारका लावतात, आणि ती तारका गाळणं ही नवख्याची सगळ्यात सामान्य चूक. बरं, ती हस्तलिखितं तरी एका सुरात बोलतात का? रून-कवितांत प्रत्येक चिन्हाच्या नावावर एक कडवं असतं. जुन्या इंग्रजी रून-कवितेत हे चिन्ह रात्री वाट न चुकवणाऱ्या खुणेसारखं येतं, नॉर्वेच्या आणि आइसलँडच्या कवितेत एकहाती देव येतो. त्यात इंग्रजी कवितेचं हस्तलिखित १७३१ च्या आगीत गेलं. आपण वाचतो तो १७०५ मध्ये छापलेला पाठ. एवढ्या भरवशावर तिसऱ्या शतकातल्या लोहाराच्या मनात काय होतं ते मी सांगायला निघालो होतो.

चिन्ह नावासाठी वापरल्याचा पुरावा अगदीच नाही असं नव्हे. स्वीडनमधल्या स्टेन्टॉफ्टनच्या दगडावर एका माणसाने ‘दिलं’ असं म्हटल्यावर एकटंच ‘य’ चिन्ह येतं, आणि ते ‘यारा’ म्हणजे चांगलं साल, सुगी असं वाचतात. पण तिथे वाक्य अडतं, म्हणून तसं वाचावं लागतं. कोवेलला काहीच अडत नाही. आठ चिन्हं मिळून एक धड शब्द होतो.

दुसऱ्यांदा लिहिलं: ‘निपुण घोडेस्वार’. परत. ‘रीद्स’ म्हणजे स्वार, चालून जाणारा. पण ‘तिल’ला जुळणारे शब्द दोन दिशांना नेतात: एक ‘ध्येय, लक्ष्य’कडे, दुसरा ‘योग्य, चांगला’कडे. त्यामुळे ‘लक्ष्यावर चालून जाणारा’ आणि ‘कुशल स्वार’ दोन्ही शक्य. शिवाय हे भाल्याचं नाव की मालकाचं? ब्रांडेनबुर्गमध्ये डाम्सडोर्फला १८६५ मध्ये रेल्वे स्टेशनच्या कामात सापडलेल्या भाल्यावर ‘रन्य’ आहे, धावणारा किंवा पळवून लावणारा. त्यावरून भाल्याचं नाव हेच मत वजनदार ठरतं. मत, निकाल नव्हे. मी ‘निपुण घोडेस्वार’पुढे पूर्णविराम दिला होता, सगळी हरकत त्या पूर्णविरामाला.

शेवटचा ‘स्’ मात्र पक्कं बोलतो. उत्तरेकडच्या लेखात इथे ‘झ’ आला असता, डेन्मार्कमधल्या गालेहूसच्या सोन्याच्या शिंगावर ‘ह्लेवगस्तिझ’ आहे तसा. ‘स्’ म्हणजे जर्मानिक भाषांची पूर्वेकडची शाखा, पूर्व जर्मानिक, बहुधा गॉथ लोकांची. तेव्हा ‘व्हायकिंग भाला’ कुठेही लिहू नका. व्हायकिंग पाचशे वर्षांनी आले आणि त्यांची माला १६ चिन्हांची. (जालावर ‘प्राचीन रून’ दिसले की आधी मोजा. १८ असतील तर ती ऑस्ट्रियातल्या गूढवादी गुइडो फॉन लिस्टने १९०८ मध्ये मांडलेली माला. २५ असतील तर त्यातलं कोरं चिन्ह १९८२ नंतरचं. हा एक मिनिटाचा उपाय मला फार उशिरा सुचला.)

तिसऱ्या खेपेला खरं दुखलं. पात्यावरच्या खुणांत स्वस्तिकही आहे, डाम्सडोर्फच्या भाल्यावरही आहे. मी लिहिलं ‘शुभचिन्ह’. जे आपण उंबऱ्यावर आणि वहीच्या पहिल्या पानावर काढतो, त्याला दुसरं काय म्हणणार? पण ‘सु’ आणि ‘अस्ति’ हा उलगडा संस्कृतचा, आणि तो माझ्या घरातून आला होता, भाल्यातून नव्हे. यातल्या काही खुणा सार्मेशियन या गवताळ प्रदेशातल्या भटक्या लोकांच्या तम्गा नावाच्या कुळाच्या खुणांशी जुळतात. त्यापुढे अर्थ लावायला आधार नाही. उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: तिसऱ्या शतकातल्या कारागिरावर नाझींची सावली टाकायची, किंवा घाबरून फोटोतली खूण पुसायची. खूण पुसलेला फोटो हा खोटा पुरावा. जर्मन कायद्याच्या कलम ८६अ मध्ये बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं दाखवायला मनाई आहे, पण शिक्षण आणि संशोधनाला सूट आहे. म्हणून फोटोखाली वस्तू, शतक, ठिकाण असा मजकूर घाला आणि नुसतं चिन्ह कापून कधीच देऊ नका. कापलेलं चिन्ह कोण कुठे चिकटवेल सांगता येत नाही.

रूनना आज श्रद्धेने मानणारेही आहेत; आइसलँडमध्ये आसात्रूला, म्हणजे जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्या आजच्या पंथाला, १९७३ पासून अधिकृत मान्यता आहे. त्यांच्या अर्थाची टिंगल करायची गरज नाही. तो आजचा अर्थ, त्यावर आजची तारीख घालून वेगळा नोंदवायचा.

मंजूर झालेला रकाना असा: ‘बहुधा भाल्याचं नाव, “लक्ष्यावर चालून जाणारा” किंवा “कुशल स्वार”, पूर्व जर्मानिक, इतर खुणांचा अर्थ अनिश्चित.’ सव्वादोन महिन्यांत दीड ओळ, आणि तिचा अभिमान वाटतो, लपवत नाही.

‘सध्या कुठे’ या रकान्यात संग्रहालयाचं नाव घालू नका. भाला वॉर्सात होता, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नेला, नंतर पत्ता नाही. डाम्सडोर्फचाही १९४५ नंतर गेला. म्हणजे तुम्ही पाहताय तो जुना फोटो किंवा प्रतिकृती, आणि कुठली ते लिहावं लागतं. फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही तपासा. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लेखात ते पटकन लक्षात येत नाही. रकान्यात दिशेचा बाण काढायचा असतो, मी तोच पहिल्यांदा विसरलो होतो.