मरणाचा निरोप आणि पेशीवरची साखर: माझा प्रोजेक्टचा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मला टी-पेशींच्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, मरणावरचा प्रोजेक्ट मिळाला. पेशी ठरवून मरते, याला केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये अपॉप्टोसिस हे नाव दिलं, एवढं पुस्तकातून माहीत होतं. त्या मरणात पेशीच्या अंगावरच्या साखरेचाही हात असतो, हे मात्र प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडमकडून पहिल्यांदा ऐकलं आणि विषय मनात बसला तो बसलाच.

पेशीच्या आवरणावरच्या बहुतेक प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या लागलेल्या असतात. साखळीच्या टोकाचं गॅलॅक्टोज उघडं असेल, तर गॅलेक्टिन-१ हे प्रथिन ते पकडतं, सीडी४५, सीडी४३, सीडी७ अशा पेशीवरच्या रेणूंना जखडतं आणि पेशी मरणाच्या वाटेला लागू शकते. उद्दीपित टी-पेशींत हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. पण एसटी६गॅल१ या एन्झाइमने गॅलॅक्टोजवर सियालिक आम्ल या दुसऱ्या शर्करेची टोपी चढवली, की गॅलेक्टिनला धरायला जागाच उरत नाही. फॅस या मृत्युग्राहकावर (मरणाचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर) हीच टोपी चढली तर तो पेशीच्या आत ओढला जात नाही आणि मरणाचा निरोप अर्धवट राहतो. आतड्याच्या कर्करोगात हे एन्झाइम वाढलेलं आढळतं, हे वाचल्यावर तर माझी झोप उडाली.

काम ऐकायला सोपं: सियालिडेज या एन्झाइमने टोप्या कापायच्या, गॅलेक्टिन द्यायचं आणि किती पेशी मरतात ते मोजायचं. खरा वेळ कंट्रोल्सनी, म्हणजे तुलनेसाठीच्या पडताळणी-चाचण्यांनी, खाल्ला. टोप्या खरंच गेल्या का, हे बघायला एल्डरबेरीच्या सालीतलं एसएनए हे लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) लावलं. एसटी६गॅल१ ज्या जोडणीने सियालिक आम्ल लावतं, नेमक्या त्याच जोडणीतल्या सियालिक आम्लाला ते चिकटतं. फ्लो सायटोमीटर या एकेका पेशीची चकाकी मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर चकाकीचा उंचवटा डावीकडे सरकला तेव्हा जीव भांड्यात पडला. गॅलेक्टिन-१ हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं म्हणून डीटीटी हे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन घालावं लागतं, पण डीटीटीचा पेशींवर स्वतःचाही परिणाम होतो. त्यामुळे नुसत्या डीटीटीची ट्यूब दर वेळी वेगळी लावायची. मायक्रोस्कोपखाली गॅलेक्टिन दिलेल्या पेशींचे गोळे झालेले दिसायचे. लॅक्टोज घातलं की ते सुटायचे, सुक्रोज घातलं तर तसेच राहायचे. साखरेच्या पकडीचा याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही.

मरणाऱ्या पेशींच्या मोजणीला अॅनेक्सिन-५ हे प्रथिन होतं. फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेद एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असतं. पेशी मरायला लागली की ते बाहेर येतं आणि कॅल्शियम असेल तर अॅनेक्सिन त्याला चिकटतं. टोप्या कापलेल्या पेशींत अॅनेक्सिन भरपूर वाढलं. मी आलेख घेऊन गेले. मॅडमनी एवढंच विचारलं, "या मेल्यात कशावरून?"

प्रश्न अगदी रास्त होता. गॅलेक्टिन-१ काही पेशींत हे मेद बाहेर आणतं आणि तरी पेशी जिवंत राहते. नुसतं कॅस्पेस-३ हे अपॉप्टोसिस घडवणारं एन्झाइम मोजूनही भागत नाही, कारण काही टी-पेशींत गॅलेक्टिन-१ कॅस्पेसला वळसा घालून डीएनए तोडतं. म्हणून आम्ही डीएनएचे तुकडे मोजले. शिवाय लॅक्टोजने गॅलेक्टिन धुऊन पेशी ताज्या मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) ठेवल्या आणि त्या वाढतात का ते पाहिलं. मला ही दुसरी कसोटी सगळ्यात प्रामाणिक वाटते, जरी तिच्यासाठी वाट बघावी लागते.

अॅनेक्सिन लागलेल्यांपैकी काही पेशी पुन्हा विभागू लागल्या. बाकीच्यांचा डीएनए खरोखर तुटला होता, आणि टोप्या कापलेल्या गटात त्यांचं प्रमाण जास्त होतं. प्रबंधात मी दोन आलेख वेगळे ठेवले: एकावर मेद बाहेर आलेल्या पेशी, दुसऱ्यावर मेलेल्या. तोंडी परीक्षेत सगळे प्रश्न दुसऱ्या आलेखावर आले, आणि त्याचं प्रत्येक उत्तर मी कंट्रोल्स दाखवून देऊ शकले.