चेन्नईचा ट्रॅक डे: पाठीचं पॅड घरूनच तपासून न्या, तिथे भाड्याने घ्याल तर लुटले जाल

श्रीपेरंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला (आपली बाइक ट्रॅकवर पळवायला मिळते तो दिवस) जाणार असाल तर टायर, चेन, ब्रेक पॅड सगळं नंतर बघा, आधी जॅकेटच्या पाठीचा खिसा उघडा आणि आत काय आहे ते बाहेर काढा. डोकं अजून थंड झालेलं नाहीये, त्यामुळे भाषा जरा तिखट वाटली तर चालवून घ्या.

पुण्यातल्या एका दुकानातून टू-पीस लेदर घेतला होता, कमरेला गोल फिरणारी पूर्ण झिप वगैरे, आणि मालक छातीठोकपणे सांगत होता की साहेब सगळं सीई (युरोपियन सुरक्षेची खूण) लेव्हल टू आहे, हा टॅग बघा. टॅग होता की! खांद्याला आणि कोपराला जे होतं ते खरोखर लेव्हल टू होतं. पाठीत मात्र काळा स्पंज, त्यावर ना छाप ना नंबर. ट्रॅकवर सोडण्याआधी गिअर तपासतात त्या स्क्रुटिनीला उभ्या असलेल्या पोराने पाठीवर अंगठा दाबला तो थेट माझ्या मणक्याला लागला. "नो बॅक प्रोटेक्टर, सर," एवढंच बोलून पुढच्याकडे वळला. वाद काय घालणार, बरोबरच होतं त्याचं.

यातली गोम अशी आहे. रायडिंगच्या कपड्यांचं युरोपियन स्टँडर्ड म्हणजे ईएन 17092, ते ए, डबल ए, ट्रिपल ए जे ऐकता ते त्यातलंच. त्यात खांदा, कोपर, गुडघा इथे पॅड लागतंच, पाठीला सक्ती नाही. म्हणजे ट्रिपल ए जॅकेटच्या पाठीत कंपनीने नुसता रिकामा खिसा ठेवला किंवा स्पंज कोंबला तरी सर्टिफिकेट खरंच असतं, आणि दुकानदार तेच तुमच्या नाकासमोर नाचवतो.

पाठीचं स्टँडर्ड वेगळं, ईएन 1621-2. शेवटचा दोन बघायचा, कारण 1621-1 हे खांदा-कोपर-गुडघ्याचं आहे. टेस्टमध्ये 5 किलोचं वजन पॅडवर आपटतात, 50 जूलचा धक्का, म्हणजे साधारण एक मीटरवरून सोडल्यासारखा, आणि खाली किती जोर पोचला ते मोजतात, जितका कमी तितकं पॅड चांगलं. पाठीच्या लेव्हल वनला सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल टूला 9. सरळ अर्धं. आणि खांद्याच्या लेव्हल वनला 35 पर्यंत पास करतात, तेव्हा कोणी 1621-1 वालं पॅड पाठीला चालेल म्हणून देत असेल तर उठून दुसऱ्या दुकानात जा. ट्रॅकला लेव्हल टूच, लेव्हल वन शहरात ऑफिसला जायला ठेवा.

आता भाड्याचा किस्सा. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी बाइक लावतात तिथे) एक गृहस्थ गिअर भाड्याने देत बसले होते. आदल्या रात्री आमच्यातल्या एकाला फोनवर 800 सांगितले होते, सकाळी मी अडलोय म्हटल्यावर 1,800, वर 5,000 डिपॉझिट आणि तेही रोख, यूपीआय नाही म्हणे. हायवेवर एटीएम शोधत फिरलो आणि माझं पहिलं सेशन गेलं. आणि वस्तू काय तर पट्ट्यावाला प्लास्टिक प्लेटचा प्रोटेक्टर, खालून तिसऱ्या प्लेटचं एक रिबीट गायब, वेल्क्रोत कोणाचेतरी केस आणि मोज्याचे धागे, लेबल इतकं धुतलं गेलेलं की बाइकवाल्या माणसाचं चित्र तेवढं दिसत होतं, लेव्हल कुठली देव जाणे. तो आधी कोणाच्या अंगावर असताना आपटलाय का, किती वर्षांचा आहे, विचारलं तर नुसतं हसणं. संध्याकाळी परत देताना "वेल्क्रो गेलाय" म्हणून डिपॉझिटमधले 500 कापले! सकाळीच गेलेला होता तो!! भाड्याने घ्यायची वेळ आलीच तर हातात घेतल्या घेतल्या त्याच्यासमोर व्हिडिओ काढा.

साइजचं तर वेगळंच रडगाणं. लेबलवर कमरेपासून खांद्यापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये असते, तुमची उंची किंवा शर्टाचा नंबर नाही. माझं माप 47, तो प्रोटेक्टर कोणा लहान चणीच्या माणसाचा, उभा असताना बेल्टच्या चार बोटं वर संपत होता आणि टाकीवर आडवा झालो की अजून वर सरकायचा, म्हणजे कंबर उघडीच. त्यात वरची कड हेल्मेटला मागून टेकायची, मेन स्ट्रेटवर मान वर होईना, सी-वनचा (पहिल्या वळणाचा) ब्रेकिंग बोर्ड भुवयांतून बघत होतो. म्हणून दुकानात उभं राहून ट्रायल घेऊ नका, सूट पूर्ण झिप लावून, हेल्मेट घालून, कोणाच्यातरी बाइकवर टकमध्ये (टाकीवर आडवं होऊन) पाच मिनिटं बसा, लोक हसले तर हसू द्या. सूट आधी फिट घेतला आणि प्रोटेक्टर नंतर, तर झिप लागणार नाही, दोन्ही एकत्रच घाला. आणि लेबलवर एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी म्हणजे नुसता मधला पट्टा, एलबी म्हणजे कंबर. एफबी घ्या.

उकाडा. मऊ पॅड गरम झालं की अजून मऊ होतं, मग लेव्हल टू कागदावरच. लेबलवर टी प्लस असेल तर ते 40 डिग्रीला पण टेस्ट केलेलं आहे, टी मायनस म्हणजे उणे 10. टी मायनस लेहवाल्यांना लखलाभ, ऑगस्टमध्ये श्रीपेरंबुदूरला जाताय तर टी प्लसच बघा.

दुपारी आमच्या ग्रुपमधला एक जण लो-साइड झाला (वळणात बाइक आतल्या बाजूला घसरून पडला), कॉलरबोन गेलं, पाठ ठणठणीत, आणि लगेच सगळे "बघ, प्रोटेक्टरने वाचवलं". काही वाचवलं नाही, तो पाठीवर आपटलाच नव्हता. हे पॅड थेट माराला आहे, कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) लागला, कोणाचा फुटपेग (पाय ठेवायचा दांडा) लागला त्याला. पाठ मुरगळली किंवा दुमडली तर ते काही करू शकत नाही, आणि मणक्याच्या गंभीर इजा बऱ्याचदा तशाच होतात. एअरबॅग त्याहून भारी, बाइकच्या ग्रांप्री शर्यतींत 2018 पासून सक्तीची आहे, पण खिसा परवानगी देत असेल तर, आणि तिच्यात पाठीचा प्रोटेक्टर धरलेला आहे की वेगळा घालायचा ते आधी बघा.

दुसरा दिवस मस्त गेला, काही सांगण्यासारखं नाही. रूम श्रीपेरंबुदूरला आधीच बुक करा, कारखान्यांच्या लोकांनी भरलेल्या असतात (कोरियन जेवण मात्र झकास). बाइक टेम्पोने पाठवत असाल तर वालाजापेटच्या पुढे हायवेच्या कामात आमच्या टेम्पोची रात्र गेली, अर्धा दिवस जास्तीचा धरा.

घरी येऊन लेव्हल टूचं इन्सर्ट (जॅकेटच्या पाठीच्या खिशात बसणारं पॅड) घेतलं, अडीच हजार पडले. म्हणजे त्या गृहस्थांना भाडं आणि कापलेले पैसे धरून जे दिले त्यात दोनशेच घालायचे होते. घेताना जॅकेट सोबत न्या, प्रत्येक कंपनीचा खिसा वेगळ्या आकाराचा असतो, आणि कात्रीने कापून बसवून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका, कापलं की ते सर्टिफिकेट गेलं.