साउथॅम्प्टन: बुजवलेली दारं, कातरलेल्या शेपट्या

शिकायला आलेल्या मुलांना भेटायला आई-बाबा साउथॅम्प्टनला येतात, मॉल फिरतात आणि ‘इथे बघायला काही नाही’ म्हणत लंडनची गाडी पकडतात. त्याच मॉलच्या पाठीशी मध्ययुगीन तटबंदी उभी आहे.

सेंट्रल स्टेशनपासून बारगेट ही जुनी वेस पायी दहा-पंधरा मिनिटांवर. तिथून पश्चिमेच्या तटाकडे वळा आणि ‘आर्केड्स’पाशी थांबून दगड नीट पाहा. कमानींच्या आत बुजवलेली दारं-खिडक्या दिसतील. १३३८ मध्ये फ्रेंचांनी समुद्राकडून येऊन शहर लुटलं, कारण या बाजूला तटच नव्हता. व्यापाऱ्यांची घरं थेट धक्क्यावर होती. मग त्याच घरांच्या भिंती तटात घेतल्या. आता भराव घातल्यामुळे पाणी लांब गेलंय. क्रूझ सुटण्याच्या दिवशी मात्र बंदराकडचे रस्ते तुंबतात.

शहराजवळच्या न्यू फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात जायला गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. तिथलं ब्रॉकनहर्स्ट गाव ट्रेनने वीस मिनिटांच्या आत येतं. आठवड्याच्या दिवशी सकाळची गर्दीची वेळ टाळली की तिकीट स्वस्त पडतं. नाव ‘फॉरेस्ट’ असलं तरी बराचसा भाग उघडं माळरान आहे. हेदरची झुडपं फुलून ते जांभळं झालेलं बघायचं तर ऑगस्टमध्ये या.

रस्त्यावर हिंडणारी तट्टं रानटी नव्हेत, चराईचा हक्क असलेल्या गावकऱ्यांची आहेत. आपल्याकडचं गायरानच म्हणा ना! शेपटीकडे बघा: केस पायरीपायरीने कातरलेले असतात. चराईची फी भरली की ‘अ‍ॅजिस्टर’ म्हणजे राखणदार ही खूण करतात, आणि प्रत्येकाची कातरण्याची तऱ्हा वेगळी. तट्टांना पोळी-बिस्किटं अजिबात देऊ नका. खाण्याच्या आशेने ती रस्त्याला चिकटतात नि अंधारात गाड्यांखाली येतात. शिवाय चावतात, लाथही मारतात.

शरद ऋतूत डुकरंही मोकळी सोडतात. ओकची हिरवी फळं तट्टांना विषारी. डुकरं ती खाऊन फस्त करतात.

माळावर पोपटी, मऊ दिसणारा तुकडा हिरवळ समजून त्यावर पाय ठेवू नका, खाली दलदल असते. पॅण्ट मोज्यात खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड तपासा. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरत गेला, तर डॉक्टर गाठा.