पैसे देऊन हेलपाटे का घालता?

"पैसे मोजायचे, रात्रीची झोप घालवायची, आणि वर तो गेम तुम्हाला धड सामानही नेऊ देत नाही. यात मजा ती काय?" मी हॉरर गेम खेळते हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. ज्यांना गेमची थोडी माहिती असते त्यांचा प्रश्न वेगळा: "'सिग्नॅलिस' घेऊ का? कुणी डोक्यावर घेतं, कुणी म्हणतं डोक्याला ताप." तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते, कारण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

दुसऱ्याचं आधी देते. घ्या. आणि डोक्याला ताप होईल, तेही खरं आहे.

'सिग्नॅलिस' हा बार्बरा विटमन आणि यूरी श्टेर्न या हॅम्बुर्गच्या जोडीने केलेला गेम. दोघांच्या स्टुडिओचं नाव 'रोझ-एंजिन'. कित्येक वर्षं खपून त्यांनी तो ऑक्टोबर 2022 मध्ये बाहेर काढला. एल्स्टर नावाची एक रेप्लिका, म्हणजे कारखान्यात घडवलेली कृत्रिम बाई, कोसळलेल्या यानात जागी होते आणि आपल्या हरवलेल्या सोबतिणीला शोधायला निघते. शोधत शोधत ती लेंग नावाच्या गोठलेल्या ग्रहावर, सिएर्पिन्स्की नावाच्या खाणवसाहतीत उतरते. तिथे काहीतरी रोग पसरलाय आणि बाकीच्या रेप्लिका सडक्या अंगाने कॉरिडॉरमधून फिरतायत. भिंतींवर यूसान राष्ट्राची पोस्टरं, टेबलांवर फॉर्म, दाराशी नियमांचे फलक. जुन्या पूर्व जर्मनीची कळा असलेली ही सरकारी यंत्रणा अंतराळात नेऊन बसवली आहे.

आता पहिला प्रश्न. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1996 मध्ये कॅपकॉमचा 'रेसिडेंट ईव्हिल' आला. तेव्हाच्या प्लेस्टेशनला झुंबरं, गालिचे, जिने असलेला आख्खा वाडा त्या बारकाव्याने थ्रीडीत हलवणं झेपणारं नव्हतं. म्हणून खोल्या आधीच तयार केलेल्या चित्रांच्या, आणि त्यामुळे कॅमेरा जागचा हलत नसे. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. मधे मधे दार उघडतानाचं ते संथ दृश्य दाखवायचे, तेवढ्या वेळात डिस्कवरून पुढची खोली वाचून व्हायची. सामान ठेवायला जिलला आठ खण, ख्रिसला सहा (या दोघांपैकी एक पात्र निवडून खेळायचं). तीन वर्षांनी आलेल्या 'सायलेंट हिल'मधलं धुकंही तसंच: लांबचे रस्ते, लांबची घरं यंत्राला एकदम दाखवता येत नव्हती, म्हणून ती धुक्यात बुडवली. नड होती आणि त्या नडीतून भीती निपजली. आजच्या यंत्रांना असली कुठलीच नड नाही. म्हणजे आजचा गेम जेव्हा तुमचे हात बांधतो, तेव्हा ते कुणीतरी बसून, विचार करून ठरवलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक बंधनाला एकच गोष्ट विचारते: तू मला निर्णय घ्यायला लावतोयस, की नुसतं चालायला लावतोयस?

'सिग्नॅलिस'मध्ये दोन्ही आहे. चांगलं आधी सांगते.

एल्स्टरने गोळ्या घालून पाडलेली रेप्लिका कायमची मरत नाही. बऱ्याच वेळाने तुम्ही त्याच कॉरिडॉरमधून परत येता तेव्हा ती अंग झटकून उठते. उठू द्यायचं नसेल तर प्रेत जाळावं लागतं आणि त्यासाठी थर्माइटची नळी लागते. त्या नळ्या मोजक्याच. ('रेसिडेंट ईव्हिल'च्या 2002 च्या नव्या आवृत्तीत रॉकेल ओतून झोंबी जाळावे लागायचे, ही कल्पना तिथली.) मग नकाशा उघडून बसायचं. सेव्ह रूमपासून, म्हणजे जिथे खेळ जतन करता येतो आणि सामानाची पेटी असते त्या खोलीपासून, जिन्यापर्यंतचा पट्टा रोजच्या येण्याजाण्याचा, तिथली जाळावी. टोकाच्या स्वच्छतागृहातली राहू दे, तिकडे आता काय काम आहे? आणि नेमकं तासाभराने त्या टोकाच्या खोलीची किल्ली हाती लागते. घाम फुटतो तो इथे. समोर अजून कुणीही आलेलं नसतं, फक्त आपण कोणाला कुठे पडलेलं सोडून आलो होतो ते आठवत असतं.

दुसरी गोष्ट रेडिओची, आणि माझ्या मते हा या गेमचा कळस. एल्स्टरला एक रेडिओ मिळतो. कुठल्यातरी कागदावर, फळ्यावर एखादी फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. ती लावायची. आधी खरखर, मग शिट्टी, मग त्या खरखरीतून वर येणारा एक निर्विकार आवाज, जर्मन आकडे वाचणारा. शीतयुद्धात हेरांना निरोप देणारी अशी केंद्रं खरोखर होती. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर कुणालाही ऐकू यायची, अर्थ मात्र ज्याच्याजवळ संकेत असेल त्यालाच लागायचा. रेडिओ सिलोनसाठी काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करणाऱ्या वडिलांच्या घरात मी वाढले. दोन स्टेशनांच्या मधल्या त्या निर्मनुष्य जागेत काय काय ऐकू यायचं ते मला ठाऊक आहे. हॅम्बुर्गच्या या दोघांनी ती जागा बरोबर पकडली आहे. या कोड्यांसाठी शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसा. पानं भरतात.

तिसरी गोष्ट सांगितली तर थोडा रसभंग होईल, पण सांगतेच. पुढे एका भागात गेम तुमच्याकडचा नकाशाच काढून घेतो. तोवर नकाशा इतका चोख असतो की तुम्ही त्याच्यावर रेललेले असता. मग भिंती मांसाच्या होतात, एका दारातून गेलं की भलत्याच खोलीतून बाहेर पडायला होतं, आणि नकाशाचं बटण दाबलं तर काही नाही. त्रास आहेच. पण तो त्रास काहीतरी सांगतो: ही जागा आता कुठल्या खाणीत नाही, कुणाच्या तरी डोक्यात आहे.

आता ताप.

एल्स्टरला सहाच वस्तू बाळगता येतात. गेममध्ये याचा रीतसर सरकारी नियम आहे, प्रत्येकाने सहाच वस्तू जवळ बाळगाव्यात असा. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मनापासून हसले. त्या राष्ट्राच्या स्वभावाला साजेसाच आहे तो. पण हिशेब करा. पिस्तूल एक. पिस्तुलाच्या गोळ्या दोन. दुरुस्तीचा स्प्रे तीन. अंधाऱ्या खोल्या आहेत म्हणून टॉर्च चार. प्रेत जाळायला थर्माइट पाच. उरला एक खण. त्या एका खणात किल्ली घ्यायची, ती लावायची, आत जे मिळेल ते उचलायचं, आणि ते जिथे लागणार तिथपर्यंत न्यायचं. आत दोन वस्तू मिळाल्या तर? मग परत सेव्ह रूमला या, तिथल्या पेटीत काहीतरी टाका, पुन्हा जा. आमचा भाचा शेजारी बसून बघत होता. काही वेळाने म्हणाला, "मावशी, ही काय विसरली म्हणून सारखी परत जाते?" विसरली काहीच नव्हती. कचेरीत खिडकीवर पोचल्यावर "याची झेरॉक्स आणा" म्हणून परत पाठवतात, तसलं हे चाललेलं होतं.

बंदूक नेऊ की औषध, हा निर्णय आहे आणि तो मला हवा आहे. खालच्या मजल्यावर काय भेटेल याची कल्पना नसताना पेटीसमोर उभं राहून शॉटगन उचलायची, ठेवायची, परत उचलायची, यात खरी धाकधूक आहे. पण वाटेतल्या रेप्लिका जाळून झाल्यावर, कॉरिडॉर मोकळा असताना, एक पत्ता इकडून तिकडे नेण्यासाठी चार दारं उघडत जायचं यात कसली भीती? भीती केव्हाच उडून गेलेली असते, हेलपाटे तेवढे उरतात. (पत्ता म्हणजे टॅरोचा, भविष्य सांगायला वापरतात तो. नंतरच्या एका भागात ते गोळा करत फिरावं लागतं आणि तिथे माझा संयम सगळ्यात जास्त ताणला गेला.) त्यावर कळस म्हणजे कागदपत्रांचे फोटो काढून ठेवायचं जे उपकरण मिळतं, तेही मुळात एक खण अडवायचं. फोटो काढायचा म्हणून औषध मागे ठेवायचं! मी ते पेटीत टाकलं ते टाकलंच, वही जिंदाबाद. पुढच्या एका अपडेटमध्ये सामानाचा नियम सैल करायची सोय सेटिंग्जमध्ये आली. काही कट्टर मंडळींना ते भ्रष्ट करणं वाटतं. मला नाही वाटत. टॉर्चने खण अडवून कुणाचीही भीती वाढत नव्हती.

मग बंधनं सरसकट काढूनच टाकली तर? तसंही एकाने करून दाखवलंय. 2024 चा 'क्रो कंट्री' हा ब्रिटनमधल्या एसएफबी गेम्सचा. 1990 सालात घडतो, बंद पडलेल्या अम्यूझमेंट पार्कमध्ये. माणसं जुन्या प्लेस्टेशनवरच्या खेळण्यांसारखी गुटगुटीत. तिथे किल्ल्या आणि कोड्यांच्या वस्तू ठेवायला जागेची चणचण नाही, आणि ज्यांना राक्षस नकोच असतील त्यांच्यासाठी फक्त हिंडण्याफिरण्याचा वेगळा मोडही आहे. कोडी फार सुरेख. मी तो आनंदाने पूर्ण केला आणि मधे उठून चहाही टाकला. भीती अशी वाटलीच नाही. पाठीवर ओझं किती घ्यायचं याचा घोर नसला की कोपऱ्यापलीकडच्या आवाजाचंही काही वाटेनासं होतं. ज्यांना घाबरायचं कमी आणि कोडी सोडवायची जास्त आहेत, त्यांनी 'क्रो कंट्री'पासूनच सुरुवात करावी.

'सिग्नॅलिस'मधल्या मारामारीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वरून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात नेम धरणं सरळ आहे, पण दोघीतिघी एकमेकींवर आल्या की बंदूक भलतीकडेच रोखली जाते. बॉसच्या, म्हणजे टप्प्याशेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूंच्या, लढाया त्याहून फिक्या. बरं एवढंच की धावलं नाही, दबकत गेलं, तर बऱ्याच जणी टाळता येतात. गोळ्या वाचवायला शिका.

गोष्टीबद्दल मात्र भांडायला लोक माझ्याकडे येतात. "शेवटी झालं काय ते कळलंच नाही." खरं आहे, गेम ते सरळ सांगत नाही. आर्नोल्ड बॉक्लिन या चित्रकाराचं मृतांच्या बेटाचं चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं, एक पिवळं पुस्तक हाती लागतं, चेहरे एकमेकांत मिसळतात. यातलं काही उसनं घेतलेलं, काही नुसतंच धूसर ठेवलेलं, आणि धूसरपणाला खोली समजणारे चाहते काही कमी नाहीत. पण एक पदर स्वच्छ आहे. परत येण्याची फारशी आशा नसलेल्या छोट्या यानात दोघींना पाठवून दिलं जातं, आणि त्यांतली एक दुसरीला एक वचन देते. ते यान म्हणजे दोन बायकांचं घर. त्या खोल्यांमधून फिरताना मी एकही गोळी झाडली नाही आणि कंट्रोलर खाली ठेवून जरा वेळ बसून राहिले. याला तुम्ही हॉरर म्हणा किंवा आणखी काही.

तर घेणार असाल तर असं करा. खेळायला बसताना हेडफोन घाला, नाहीतर रेडिओचं निम्मं वाया जाईल. वही ठेवा. सामानाची सेटिंग सैल करायला लाजू नका. थर्माइट सुरुवातीलाच उधळू नका, पण शेवटपर्यंत साठवूनही ठेवू नका, पेटीत शिल्लक राहिलेल्या नळ्यांचं कुणी बक्षीस देत नाही. शेवट एकापेक्षा जास्त आहेत आणि तुम्ही कसं खेळता त्यावरून तुमचा कुठला ते ठरतं, तेव्हा यूट्यूबवर बघून ठराविक शेवटाच्या मागे लागू नका. आणि मधेच एकदा सगळं संपल्यासारखं होऊन गेम तुम्हाला मुख्य पडद्यावर आणून सोडेल. तिथे बंद करून मला "एवढाच होता होय?" असा मेसेज पाठवू नका, आधी पाठवलेत बऱ्याच जणांनी. पुन्हा आत शिरा. गेमचा बराच भाग तिथून पुढे आहे.