घरातली केळ पिवळी पडतेय? आधी मुळं बघा

रावेर-यावलच्या शिवारात जोमाने वाढणारी केळ घरातल्या कुंडीत रुसते, ती बहुतेकदा जास्त पाण्यामुळे. पानं पिवळी दिसली की लोक आणखी पाणी ओततात, आणि तिथेच रोप हातचं जातं. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडणारच, पण तीन-चार एकदम पडली तर माती दोन इंच खोल बोटाने चाचपा. चिकट ओली लागली तर रोप उपसा. निरोगी मूळ पांढरट, टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरलं की साल सुटून येते आणि आंबूस वास येतो. तेवढं स्वच्छ कात्रीने कापा. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू घेऊन भोकं असलेल्या कुंडीत लावा. नवं पान फुटेपर्यंत खत नको.

कडा करपल्या आणि मातीवर पांढरा थर असेल, तर बोअरच्या पाण्यातले क्षार साचलेत. भरपूर पाणी देऊन पूर्ण निथळू द्या.

पानामागे बारीक जाळं म्हणजे लाल कोळी नावाचा बारीक किडा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो फार लवकर पसरतो. ओल्या फडक्याने दर तीन दिवसांनी पुसा.

थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी निम्मं करा.